हिंगातला गहू

डॉक्टर म्हणाले, गहू बंद. कायमचा.
तेव्हापासून मी पाकिटांच्या पाठी वाचतो,
चष्मा कपाळावर ढकलून,
बारीक अक्षरांत दडलेला मैदा
चोर पकडावा तसा.

कोथरूडच्या त्या सेंद्रिय मालाच्या दुकानात
गुळवेबाई काल म्हणाल्या,
"तो चिवडा ठेवा खाली.
हिंगातसुद्धा गहू असतो, काका."

हिंगातसुद्धा!
म्हणजे साठ वर्षं
फोडणीफोडणीला घरात येऊन जात होता
आणि मला पत्ता नाही.

मग त्यांनी मागच्या फळीवरून
ज्वारीची कडक पापडी काढली.
वर तीळ, कडा वेड्यावाकड्या,
कुणीतरी हाताने थापलेली.
किंमत पाहून माझ्यातला पुणेकर खोकला.
"आधी चव तर बघा."

कुर्रर्र.

दुकानातल्या तिघांनी वळून पाहिलं.
चहात बुडवायच्या आधी
खारी मोडताना व्हायचा तोच आवाज,
आठ महिन्यांनी,
माझ्याच दातांखाली.

दोन पाकिटं घेतली.
एक घरापर्यंत पोचलं.
दुसऱ्याचा हिशेब
शर्टावरच्या तिळांना विचारा.