गेल्याची तारीख

गोरेवाड्याच्या बांधावर मार्च तापू लागला.
डोईफोडे सरांच्या वहीत दोनच रकाने : आला, गेला.
आल्याची तारीख शाईनं,
गेल्याची पेन्सिलनं,
रोज खोडून रोज नवी.

काटेसावरीवर भोरड्यांचा कालवा.
तलावावरून भोवत्या तिरपा आला
तशी अख्खी सावर गप्प.
एक फूल तेवढं पडलं, थप्प.

बेशरमाच्या झुडपात वटवट्या.
दिसत नाही, नुसता टक्-टक्.
"हाये बाप्पा अजून," म्हणत सर
कालची तारीख खोडायचे.

आज बुधवार.
भोवत्या दोनदा फिरून गेला,
भोरड्या उठल्या, बसल्या.
झुडपात काही नाही.

खोडरबर सरांच्या मुठीतच.
"रातीच निघते थे," म्हणाले,
"एवढुसा जीव. अंधारात."

मंगळवार तसाच राहिला वहीत,
पेन्सिलचा.