उत्तर नाही = ९

सोहार बंदरामागच्या गोदामांत
जूनमध्ये साडेबारा ते साडेतीन कुणी हलत नाही.
त्या तीन तासांवर माझी पीएच.डी. उभी आहे.

मस्कतचे कंटेनर इकडे हलले त्या वर्षी
मी दोनशे चाळीस फॉर्म छापून आणले,
एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी,
आणि काखेत पाण्याच्या बाटल्यांचा खोका, कारण
विचारायला जाणाऱ्याने रिकाम्या हाताने जाऊ नये,
हे संशोधनपद्धतीच्या पुस्तकात नव्हतं, आईचं होतं.

प्रश्न चौदावा:
माल ठरल्या दिवशी येईल याची कितपत खात्री वाटते?
एक म्हणजे मुळीच नाही. पाच म्हणजे पूर्ण.
एका आकड्याभोवती गोल करा.

दाऊद फणसोपकरांनी गोल केला नाही.
रत्नागिरीचे. सव्वीस वर्षं गोदामाची चावी त्यांच्या कमरेला.
फॉर्म मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर सरकवला
आणि समासात लिहिलं, मराठीत, ठसठशीत:
इन्शाअल्ला.

मी म्हटलं, चाचा, आकडा हवाय.
"आकडा पेटीवर असतो, बाय.
खात्रीवर कुठचा आकडा?"

असे तेवीस निघाले.
सुदानी क्लार्क, मलबारचे दोघे, सलालाचा एक म्हातारा
ज्याने लिहिलं काहीच नाही, नुसतं बोट वर केलं.
गाईड म्हणाले, गहाळ धर.
धरलं. रकान्यात तेवीस वेळा नऊ टाइप केले.
उत्तर नाही = ९.

पुढचं माझ्या सीव्हीवर आहे.
मागणी दुकानात बोटभर हलते
ती कारखान्यात पोचेपर्यंत हातभर होते, यावर चार पेपर.
थंड कंटेनरमधल्या देवगड हापूसवर एक.
आणि एक जो परीक्षकांकडे एकतीस महिने पडून होता,
तो विलंबावरचा.
(हसा. मीही हसले, उशिरा.)

गेल्या आठवड्यात रय्या अल-बलुशी,
माझी विद्यार्थिनी, वडील याच बंदरात पायलट,
जुना डेटा चाळताना थांबली.
"दुक्तोरा, हे नऊ कोण आहेत?"

काय आहेत, असं नाही विचारलं तिने.

कपाटावरचा खोका उतरवला. पिना गंजलेल्या.
दोघी एकेक समास वाचत बसलो,
मल्याळी तेवढं तिच्या ओळखीच्या नर्सला फोनवर दाखवून.
मग तिने एक साधी गोष्ट केली, मला बारा वर्षं न सुचलेली:
जहाज चुकलं त्या दिवसांत
कुणाचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं, ते मोजलं.

या तेवीस जणांचं, जवळजवळ कुणाचंच नाही.

तेव्हा आठवली कोपऱ्यातली ताडपत्री,
तिच्याखाली दोन पॅलेट तांदूळ, वहीत नसलेले.
मी विचारलंही होतं, हे कुणासाठी?
"न येणाऱ्या जहाजासाठी," म्हणाले होते चाचा
आणि माझ्या बाटलीतलं उरलेलं पाणी
दारातल्या मांजराच्या वाटीत ओतलं होतं.
मी ते टिपून घेतलं नाही. प्रश्नावलीत नव्हतं.

रात्री फाइल उघडली. ओळ सतरावी, रकाना चौदावा.
नऊ खोडला.
तिथे काय लिहायचं ते अजून ठरत नाही,
रकाना फक्त आकडा घेतो.
बाहेर नांगरलेल्या जहाजांचे दिवे,
मोजले तर अकरा.