झाकणभर

परभणीला, विद्यापीठातल्या कीटकांच्या खोलीत
मी मावा मोजते. रोजंदारीवर.
शून्य नंबरचा ब्रश, भिंग,
करडईच्या पानांच्या चकत्या, आणि एक वही
जिच्या पहिल्या रकान्यात नुसतं पाणी लिहिलंय.

दुसऱ्या रकान्यात औषध.
मारणार नाही एवढंच औषध.
मॅडम म्हणतात, शंभरातले दहाच मरायला हवेत,
उरलेल्या नव्वदांचं काय होतं ते बघायचंय.
मला आधी कळलंच नाही.
औषध म्हणजे मरण, एवढंच आमच्याकडं ठाऊक.

त्या नव्वद जणी दोन दिवस गुंगीत असतात.
सोंड पानात घालतात, काढतात, पुन्हा घालतात,
तापातल्या माणसानं घास तोंडात फिरवावा तशा.
मग सावरतात.

हिवाळाभर माव्याला नर लागत नाही.
आईच्या पोटात लेक,
आणि त्या लेकीच्या पोटात, ती जन्मायच्या आधीच, नात.
म्हणजे एक थेंब पडतो
तो तिघींवर पडतो.

वहीत असं आहे:
पाण्यावरच्या आईला बत्तीस पिल्लं, औषधावरच्या आईला पंचवीस.
मी खूश झाले होते, खोटं कशाला बोलू.
मॅडम म्हणाल्या, थांब नाझनीन, लेकींचं मोजू.
मोजलं.
पाण्यावरच्या लेकीला एकतीस.
जिच्या आईनं औषध सोसलं, तिला बेचाळीस.
दिवा बदलून मोजलं. बेचाळीस.
एका चकतीवर त्रेचाळीस,
पण त्यातली एक नुसती कात निघाली, पांढरी,
फुंकरीनं उडाली.

रविवारी झरीला गेले.
मुंजाजीकाका बांधाकडून फवारत येत होते,
पायांना पोतं गुंडाळलेलं, काट्यांसाठी.
करडईचे शेंडे काळे पडलेले,
पानांवर चिकटा असा, की ऊन त्यावरून घसरावं.
त्यांच्या बाटलीचं झाकण हरवलं त्याला तीन वर्षं झाली.
नातवाच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण आहे आता.
आतून अजून गुलाबी.

"काका, कामून एवढंच घालता?"
"लई घातलं की माझंच डोकं धरतंय, बाई.
मेली तर मेली. न्हाई तर बेजार तरी होत्यात."

झाकण रुमालात बांधून आणलं.
सोमवारी पिपेटनं त्यात पाणी सोडलं, थेंब थेंब.
पंप पंधरा लिटरचा. एका पंपाला एक झाकण. भागाकार केला.
उत्तर आमच्या दुसऱ्या रकान्याच्या
इतकं जवळ आलं की मी वही मिटून
बाहेर जाऊन उभी राहिले.
जे बेतायला आम्हाला चार महिने लागले
ते काका अंदाजानं करत होते,
दर पौषात, दोन एकरांवर.

पुढच्या रविवारी खुणांचा प्याला घेऊन गेले.
हवं तेवढं कुठवर, ते लाल नेलपॉलिशनं आखून.
काकांनी तो उन्हात धरला, फिरवला.
"म्हंजी आता भरून घालू?
अन् ह्येंचं?"
त्यांनी पान उलटं केलं.
तीन ढालकिडे, आणि एक अळी,
माव्याच्या गर्दीत तोंड घालून जेवत होती, शांत.

ढालकिड्यांचा रकाना आमच्या वहीत नाही.
मी म्हणाले, विचारून सांगते.

मग आम्ही काही बोललो नाही.
मावा बांधाकडूनच येतो,
तिथल्या दोन ओळींचे शेंडे दोघांनी खुडले,
बादलीत टाकले, वर फडकं बांधलं.
ढालकिडे आधी झटकून घेत होते काका,
एक त्यांच्या मनगटावरून वर चालत गेला.

बोटं गुळाच्या काकवीत बुडवल्यासारखी झाली.
हात धुवायच्या आधी पाहिलं,
अंगठ्याच्या नखावर एक राहिलेली.
तिच्या मागून काहीतरी बाहेर येत होतं,
पाय आधी, डोकं शेवटी,
केसाएवढे पाय हवेत काही शोधत.
भिंग नव्हतं जवळ. नुसत्या डोळ्यानं दिसलं.

सवयीनं म्हणाले: एक.