फट

"शिट्टी वाजते. मोहोळच्या रस्त्याला,
ऐंशीच्या पुढं काटा गेला की.
म्हणजे बायको म्हणते. मला कुठलं ऐकू येतंय."

व्यंकटेश गड्डम. अडतीस वर्षं यंत्रमागावर,
खटखटीनं कान आतून घासून गेलेले.
गाडी मुलाची, पुण्यात जुनी होऊन आलेली.

दार उघडलं तेव्हाच कळलं.
शेवटच्या इंचाला खांदा पाडत होतं,
लावताना जरा उचलून घ्यावं लागायचं,
रुसलेल्या पोराला कडेवर घेतल्यासारखं.
"ह्याला लटकतं कोण?" मी विचारलं.
गड्डम गुडघा चोळत हसले.
उतरताना दाराला धरूनच उठतात.
बिजागरी कुणाचं वजन विसरत नाही.

अक्कलकोट रोडवरच्या आमच्या शेडला
पाणी पाचव्या दिवशी. पाइप धरून
दार गळतंय का बघायची चैन इथं नाही.
म्हणून कागद. विडीच्या बंडलाचं लेबल,
शमाबी आपा कारखान्यातून रद्दीतली आणून देते.
दारात धरायचं, दार लावायचं, ओढायचं.
अडलं तर रबर धरतंय.
वीत वीत सरकत गेलो. अडलं. अडलं. अडलं.
वरच्या मागच्या कोपऱ्यात मात्र
ओवलेला दोरा सुईतून निसटावा तसं आलं.

आधी बिजागरी. जॅकवर लाकडाचा ठोकळा,
बोल्ट ढिले, काढायचे नाहीत, नुसते ढिले,
दाराला वाटलं पाहिजे, अजून धरलंय कुणीतरी.
दोन सूत वर घेतलं. आवळलं.
मग खांबावरची कडी. भोवती पेन्सिलीची रेघ,
चुकलो तर परत यायला वाट असावी.
अर्धा सूत आत. जास्त नाही.
जास्त घेतली की लोक दार आपटायला लागतात,
आणि आपटलेलं दार महिन्याभरात माझ्याच दारात.

काच राहिली.
पॅनल उतरवलं, क्लिपा डब्याच्या झाकणात.
आत शेंगांची टरफलं, एक बांगडीची काच,
आणि आपली सोलापूरची धूळ, मैद्यापेक्षा बारीक.
बटण दाबलं. मोटर कण्हली. काच चढली,
पुढचा कोपरा टेकला, मागचा उणा
ज्वारीच्या दाण्याइतका.
एवढ्याशा दाण्यातून बाईंना शिट्टी ऐकू येत होती.
खाच ब्रशनं साफ केली, पकडीचे दोन नट सैल केले,
मागची कड तळहातावर तोलून धरली
आणि श्वास न घेता आवळली.

"तुम्हीच बसा आत," गड्डम म्हणाले,
"मला काय कळणार?"
बसलो. दार लावलं, काच वर घेतली.
समोरच्या गाळ्यातले सोळा माग
कुणी रजईत गुंडाळून नेल्यासारखे लांब गेले.
बाहेर गड्डम काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही.
मग लक्षात आलं, ते आवाज काढतच नव्हते.
मागावरची माणसं बोलतात तसे
नुसते ओठ, सावकाश, एकेक अक्षर कोरून:
"एंत?"
किती झाले.

मी नऊ बोटं दाखवली. नऊशे.
त्यांनी काचेला नाक लावून सात.
मी मान हलवली. आत भट्टी, घाम डोळ्यांत,
बटणावर बोट होतं, पण दाबावंसं वाटेना.
इतकी वर्षं गिऱ्हाइकाशी घासाघीस केली,
अशी शांत कधीच नाही.
आठ. त्यांनी आठ केली. मी उतरलो.

"मोहोळपर्यंत बायकोला फिरवून आणतो," म्हणाले,
"ती हो म्हणाली की पैसे."

काय बोलणार.
निघायच्या आधी कोपऱ्यात पुन्हा एकदा लेबल धरलं,
दार लावायला सांगितलं, ओढलं.
आलं नाही. आणखी ओढलं, फाटलं.
अर्धं माझ्या चिमटीत,
अर्धं घेऊन ते गेले.