घरामागे एक दाणा

शाळेच्या भिंतीवरचा तमिळनाडूचा नकाशा
टेबलावर पसरला, आणि
गावातून तिकडं गेलेल्या घरामागे एक
शाळूचा दाणा ठेवत गेलो.

सेलमला अकरा. इरोडला चार.
मदुराईत एकाच गल्लीत इतके, की दाणे
एकमेकांवर चढले, घरंगळून समुद्रात गेले.
तंजावरच्या अंगाला कुणी नाही म्हणेतोवर
शिपाई दगडू दारातनं बोलला,
"कुंभकोणमला आमच्या मावशीचा हैबती आहे की.
पत्र्याच्या खोलीत मूस तापवतोय,
ॲसिडनं बोटं पिवळी झाल्यात."
ठेवला.

निलगिरीवर एकही नाही.
थंडीत सोनं वितळत नाही का?
की तिथं कुणी मोडायलाच आणत नाही?

नकाशाच्या खाली सूची आहे:
नदी, रेल्वे, जिल्ह्याची हद्द.
विट्याच्या स्टँडवर बोचकं घेऊन
पहिला जो कुणी उभा राहिला
त्याच्यासाठी खूण नाही.

वर्गात पोरं नऊ.
त्यातली दोन सुट्टीला आलेली, पाहुणी म्हणून बसवलेली.
एक हैबतीची धाकटी, सेल्वी.
अडखळत मराठी वाचते, गणित मात्र
तमिळमध्ये पुटपुटत चटकन सोडवते.

"गावाला तुमच्याकडं काय म्हणतात गं?"
"ऊर."
"काय?"
"ऊर, सर. हे पण आमचं ऊर."

आमच्यात ऊर भरून येतो,
हे सांगायला तोंड उघडलं,
आणि दाणे गोळा करायला लागलो.
मोजायचे राहूनच गेले.