वस्तू क्रमांक सात

परतवाड्याहून धारणीकडे जाणारी एसटी
सेमलखेड्याच्या फाट्यावर थांबते.
कंडक्टर विचारतो, मठात का?
अजून मठच म्हणतात सगळे.
पाटीवर मात्र संग्रहालय, सोमवारी बंद.

शेवटची सिस्टर गेली त्याला अकरा वर्षं झाली.
तिच्या खोलीत आता काचेमागे
मिस्सेचे झगे, कसरीनं खाल्लेली सोनेरी जर.
जेवणघरात लांब टेबल,
त्यावर ताटांच्या बुडांची फिकट वर्तुळं,
त्यांना क्रमांक नाही.
(मी विचारलं होतं. वर्तुळ ही वस्तू नव्हे,
असं कळवण्यात आलं.)

माझं काम चिठ्ठ्या लिहिण्याचं.
शाळा सुटली की सायकलनं येतो,
अक्षर बरं आहे म्हणून फादर कुजूरांनी सांगितलेलं.
क्र. तीन: मरियम, प्लास्टर, परदेशी, निळे डोळे.
क्र. चार: देवदूत, माती, उजवा पंख नाही.
क्र. सात: क्रूसावरचा प्रभू, साग, चार फूट,
कारागीर अज्ञात.

लिझामाय झाडू टेकवून मागं उभी.
"काय लिवलं?"
वाचून दाखवलं.
"अज्ञात कोन? मुन्शी भिलावेकर होता थो.
माह्या मायच्या गावचा.
मेलेल्या मान्साचे मुंडे कोरे,
घोडा, सूर्य, चंद्र."

म्हणून क्रूसाच्या माथ्यावर
एकीकडे सूर्य, एकीकडे चंद्र.
मी समजत होतो, तिकडची काही रीत असेल.

"प्रभू कसा दिसते, त्यानं सिस्टरले इचारलं.
सिस्टरनं चित्र दाखवलं.
थो म्हने, हा मानूस मले माहीत नाई,
याच्या फासळ्या म्या कशा मोजू?
मंग आपल्या भावाले बसवलं, दादूले.
सा महिन्याचा हिवताप होता त्याले."

काचेला नाक लावून मोजल्या. डावीकडं नऊ,
बोट ठेवून मोजल्यासारख्या.
पावलं पसरट, अंगठा फाकलेला,
चप्पल कधी न घातलेल्या माणसाची.
टाचांच्या भेगासुद्धा कोरल्यात,
ज्या खाली बसून मान वाकवल्याशिवाय
दिसत नाहीत.

"सगळं केलं, पन खिळे ठोकाले नाई म्हने.
दादू जिता आहे, मी ठोकत नाई.
मजुरी कापली, तरी नाई.
मंग परतवाड्याहून लोहार आनला."

साग कडक. लोहाराचे तीन घाव चुकले.
तळहाताशेजारी त्यांच्या खुणा आहेत.
आम्ही वाळवी समजून
त्यावर औषध मारलं होतं.

आणि दादूचं पुढं?
"जगला की. बुढा होऊन मेला.
मठात दूध आनून दे,
किटली ठेवून सोताच्याच पायाकडं पाहे
आन हासे."

डाव्या हाताचा खिळा मागच्या पावसाळ्यात गळून पडला.
नागपूरचे साहेब म्हणाले, जुना शोधा,
नोंदवहीत तीन आहेत.
दोन दिवस शोधला. फरशी, मोरी, उंदरांची बिळं.
लिझामाय बॅटरी धरून आमच्या पुढं.

आज चुना काढायला तिनं डबी उघडली
तेव्हा तळाशी गंजलेलं टोक दिसलं मला.
मला दिसलं, हे तिला दिसलं.
डबी मिटली.
तंबाखू मळणं काही थांबलं नाही.

चिठ्ठी नवी लिहिली.
क्र. सात: क्रूसावरचा प्रभू. साग.
कारागीर मुन्शी भिलावेकर. खिळे: दोन.
शाई वाळेपर्यंत फुंकर मारत राहिलो.
सुटलेला हात लाकडापासून बोटभर पुढं आलाय.

"दादूचं नाव?"
जागा उरली नाही, माय.
"मंग मांगून लिव. भिताडाकडचं कोन वाचते."

लिहिलं.