थांबवलेले सहा दिवस

मंगळवारी दुपारी चारला फोन आला.
स्वयंसेवक क्रमांक चारशे सतरा,
वय एकोणचाळीस, डाव्या पायात ताकद नाही.
एवढंच. नाव आम्हाला कळत नाही,
दंडात गेली ती लस होती की मिठाचं पाणी, तेही नाही.

पडद्यावर आमचे पाच चौकोन.
ग्लेनिस प्रिचर्डच्या मागे वाळत घातलेले मोजे.
थांबवायचं? तिनं विचारलं.
थांबवा, मी म्हणाले.
वेकफील्डमध्ये त्या आठवड्यात
दिवसाला नऊ माणसं जात होती.

अति घाई संकटात नेई.
खंबाटकीच्या वळणावरची पाटी
बाबांच्या स्कूटरवर उभी राहून मी मोठ्यानं वाचायचे.
मागे रुग्णवाहिका भोंगा वाजवत असेल
तर काय करायचं,
ते रंगवायला पाटीवर जागा उरली नसावी.

शेजारचे ओल्डरॉइड भिंतीवरून रुबार्बची जुडी द्यायचे,
कालच्या पेपरात गुंडाळून.
उभा जन्म त्यांनी रुबार्ब काढला
बिनखिडक्यांच्या लांब शेडमध्ये, मेणबत्तीच्या उजेडात.
अंधारात इतका भराभर वाढतो, म्हणायचे,
की कान दिला तर कोंब फुटताना ऐकू येतात.
मग सगळंच अंधारात का नाही लावत?
हसले. अगं, मुळं आधी दोन वर्षं बाहेर असतात,
उघड्या रानात, गोठलेल्या मातीत.
तेव्हा एक दांडा मोडायचा नाही.
शेडमधली घाई त्या दोन वर्षांच्या जिवावर.

बुधवारी एमआरआय मागवला.
गुरुवारी न्यूरॉलॉजिस्टचं पत्र,
एका वाक्यात तीनदा ‘बहुधा’.
शुक्रवारी ओल्डरॉइडांच्या दाराशी रुग्णवाहिका आली
आणि भोंगा न वाजवता गेली.
शनिवारी त्यांचा कचऱ्याचा डबा मी आत ओढून ठेवला.
रविवारी कुणीच काही पाठवलं नाही.

सोमवारी लिफाफा उघडला.
उघडला म्हणजे, कुणीतरी एक ओळ टाईप केली:
चारशे सतरा. मिठाचं पाणी.

ग्लेनिस हसली की रडली, कळलं नाही,
तिचा आवाज बंद होता.
सुरू करा, असं लिहून आम्ही पाच सह्या केल्या.

आकडे हा माझा धंदा.
नऊ सक चोपन्न मला झोपेतही येतं.
ते कुठल्या रकान्यात मांडायचं, ते येत नाही.
आणि पुन्हा तसाच मंगळवार आला
तर मी थांबवाच म्हणेन,
फक्त इतक्या पटकन नाही.

काल त्यांची मुलगी जुडी देऊन गेली.
पानं काढून टाक हं, विषारी असतात, म्हणाली.
मला माहीत होतं.
तरी ओट्यावरचा दिवा लावला
आणि एकेक दांडा उजेडात धरून
कुठे हिरवं राहिलंय का, पाहत बसले.
दूध तोवर उतू गेलं.